कुणी ‘मी काय करू?’ असं विचारलं, तर

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांचं वय ४३, एकाच क्षेत्रात १८ वर्षं गेलेली. हाताखालची आणि ओळखीतली तरुण मंडळी त्यांच्याकडे येतात. नोकरी सोडू का, पुढे शिकू का, लांबची संधी घेऊ की घरच्यांजवळ राहू? दोघांना त्यांनी मनापासून सल्ला दिला. एकीचं छान झालं. दुसऱ्याचं पार बिनसलं आणि आता त्याच्याशी बोलणंच राहिलेलं नाही. तेव्हापासून कुणी ‘जरा बोलायचं होतं’ म्हणालं की त्यांच्या पोटात गोळा येतो. हे काम करावं का, आणि करायचं तर कसं, असं त्यांनी विचारलं आहे.

करा. पोटातला गोळा मात्र राहू द्या. दुसऱ्याच्या आयुष्याबद्दल बोलताना ज्याला काहीच वाटत नाही, त्याच्याकडे मी माझ्या माणसांना पाठवणार नाही.

मी गेली २२ वर्षं हे काम करते आहे, सुरुवातीला नोकरी सांभाळून आणि आता पूर्णवेळ. तुमच्या त्या दोघांपासूनच सुरू करते, कारण तुमची भीती तिथून आली आहे. जोनाथन बॅरन आणि जॉन हर्शी या संशोधकांनी १९८८ मध्ये आपले काही प्रयोग प्रसिद्ध केले. त्यांनी लोकांना काही निर्णय वाचायला दिले. त्यातला एक डॉक्टरचा होता, एका रुग्णावर शस्त्रक्रिया करण्याचा. डॉक्टरला जेवढी माहिती होती तेवढीच वाचणाऱ्यालाही दिलेली. फरक इतकाच, की एकदा रुग्ण वाचला आणि एकदा दगावला. दगावल्याचं कळलं की लोकांना तोच निर्णय वाईट वाटू लागला. तुम्ही स्वतःच्या बाबतीत हेच करता आहात. तिला सांगितलं ते बरोबर आणि त्याला सांगितलं ते चूक, हे तुम्ही शेवट बघून ठरवलंत. शेवट क्षणभर बाजूला ठेवा आणि त्या दोन भेटी आठवा. त्याची शिल्लक किती होती, घरी कोण त्याच्यावर अवलंबून होतं, अशा पेचात तो आधी कधी सापडला होता आणि तेव्हा त्यानं काय केलं होतं, हे तुम्हाला ठाऊक होतं का? आणि तिच्याबद्दल? कदाचित दोन्ही वेळा तुम्ही सारखंच कमी विचारलं असेल, आणि एकदा नशिबानं हात दिला असेल. तपासायचं असेल तर हे तपासा.

या कामाचा गाभा मला एका जुन्या पत्रात सापडला. १७७२ साली जोसेफ प्रीस्टली या शास्त्रज्ञापुढे पेच पडला होता. ते तेव्हा धर्मोपदेशकाचं काम करत होते आणि लॉर्ड शेलबर्न या इंग्लिश राजकारण्यानं त्यांना आपल्याकडे नोकरीला बोलावलं होतं. जावं की न जावं? त्यांनी मित्राला, बेंजामिन फ्रँकलिन यांना विचारलं. फ्रँकलिन यांनी १९ सप्टेंबरला उत्तर लिहिलं आणि सुरुवातीलाच सांगून टाकलं, की पुरेशी माहिती हाताशी नसल्यामुळे काय ठरवावं हे मी सांगू शकत नाही, कसं ठरवावं हे मात्र सांगू शकतो. मग त्यांनी आपली रीत लिहिली. कागदाच्या मधोमध रेघ मारायची, एका बाजूला अनुकूल कारणं, दुसऱ्या बाजूला प्रतिकूल. सारख्या वजनाची कारणं समोरासमोर खोडत जायचं आणि काय उरतं ते बघायचं.

दोन रकान्यांचा तो कागद आज सगळे करतात. त्या पत्रातली एक गोष्ट मात्र बहुतेकांनी सोडून दिली आहे. ती म्हणजे हा कागद एका बैठकीत भरायचा नाही. तीन-चार दिवस तो जवळ ठेवायचा आणि जसजसं सुचेल तसतसं लिहीत जायचं, कारण सगळी कारणं मनात एका वेळी हजर नसतात. एक समोर आलं की दुसरं दृष्टीआड होतं. मला ही त्या पत्रातली सगळ्यात शहाणी गोष्ट वाटते. माणूस तुमच्याकडे येतो तेव्हा त्याच्या मनात त्या दिवशी हजर असलेली कारणंच तो सांगतो. रविवारी संध्याकाळी आला तर वेगळी, पगाराच्या दिवशी आला तर वेगळी. म्हणून मी पहिल्या भेटीत कधीच मत देत नाही. निदान दोन भेटी, मध्ये काही दिवसांचं अंतर.

एकदा एक बाई असाच कागद घेऊन आल्या. रुग्णालयात परिचारिका, ११ वर्षांची नोकरी, सोडायची की नाही असा प्रश्न. ‘सोडू नये’च्या रकान्यात नऊ मुद्दे, निळ्या शाईत, नीट क्रमांक घालून. ‘सोडावी’च्या बाजूला तीन. त्यांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाल्या, ‘बघा मॅडम, उत्तर तर स्पष्टच आहे.’ मी कागद बघितला. तीनपैकी शेवटचा मुद्दा पेन्सिलीनं लिहिलेला होता, बारीक अक्षरात, क्रमांक न घालता: ‘रात्रपाळी संपली तरी घरी जावंसं वाटत नाही.’ मी विचारलं, ‘हे कधी लिहिलंत?’ त्या बराच वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, ‘काल रात्री. निघताना.’ पुढचा तास आम्ही नोकरीबद्दल एक शब्द बोललो नाही. प्रश्न घरचा होता. नोकरी हीच त्यांची श्वास घ्यायची जागा होती, आणि घरातून ती सोडण्याचा आग्रह चालला होता. त्या कागदावरचे नऊ विरुद्ध तीन मोजत बसले असते तर त्या ‘बरोबर’ उत्तर घेऊन परत गेल्या असत्या आणि खरा प्रश्न पेन्सिलीतच राहिला असता.

म्हणून ऐकताना मुद्द्यांपेक्षा शब्दांकडे कान द्या. आपल्या भाषेनं याची फार चांगली सोय केलेली आहे. ‘मला पुढे शिकायचंय’, ‘मला पुढे शिकायला हवं’ आणि ‘मला पुढे शिकावं लागणार’ ही तीन वेगळी माणसं आहेत. पहिल्याला इच्छा आहे. दुसऱ्याच्या डोक्यात कुणाचा तरी आवाज आहे. तिसऱ्यानं हार मानलेली आहे. एकच व्यक्ती अर्ध्या तासात या तिन्ही रूपांत बोलते, आणि कोणत्या विषयाशी आली की कोणतं क्रियापद येतं हे मी वहीत टिपून ठेवते. तसंच ‘पण’चं. ‘पगार चांगला आहे, पण माणसं वाईट आहेत’ आणि ‘माणसं वाईट आहेत, पण पगार चांगला आहे’ यांत माहिती तीच. कल मात्र ‘पण’च्या नंतर बसलेला असतो. मी कधीकधी त्यांचंच वाक्य उलटं करून परत म्हणते आणि चेहरा बघते. लगेच ‘नाही, नाही, तसं नाही’ आलं तर काहीतरी हाती लागलेलं असतं.

आता माझी चूक सांगते, कारण ती सांगितल्याशिवाय पुढचं नीट समजणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी पीएचडीच्या चौथ्या वर्षातला एक मुलगा माझ्याकडे आला. काम अडलेलं, मार्गदर्शकांशी पटत नव्हतं, झोप गेलेली. सोडू का, असं त्याला विचारायचं होतं. मी स्वतः तरुणपणी एक अभ्यासक्रम अर्ध्यात सोडला होता आणि त्याची बोच मला पुढे अनेक वर्षं होती. मी त्याला सांगितलं, इतकं केलंस तर आता पूर्ण कर. चांगलं बोलले असणार, कारण तो पटून गेला. त्यानं पूर्ण केली. त्याला आणखी तीन वर्षं लागली आणि त्या तीन वर्षांत तो दोनदा आजारी पडून घरी बसला. नंतर एकदा भेटला तेव्हा शांतपणे म्हणाला, ‘मॅडम, त्या दिवशी तुम्ही माझ्याशी बोलत नव्हता. तुम्ही तुमच्याशीच बोलत होता.’

त्याचं म्हणणं खरं होतं. मी त्याच्या तोंडून माझी जुनी गोष्ट ऐकली आणि तिचा शेवट बदलायला निघाले. शिवाय ‘इतकं केलंस तर’ हे कारणच मुळात चुकीचं होतं. जी वर्षं गेली ती दोन्ही वाटांवर गेलेलीच असतात. निर्णय पुढच्या वर्षांचा असतो.

तेव्हापासून माझा एक नेम आहे. पहिल्या भेटीनंतर मी वहीत दोन ओळी लिहिते: या व्यक्तीनं काय करावं असं मला वाटतं, आणि मला तसं का वाटतं. ‘का’च्या ओळीत माझा स्वतःचा अनुभव आला की त्याखाली रेघ मारते. दुसऱ्या भेटीला जाण्याआधी ते पान वाचते. कल नसतोच असं कुणी म्हणत असेल तर माझा त्यावर विश्वास नाही. कल असतो. तो आपल्याला माहीत असला की निदान तोल सावरता येतो.

कल माहीत नसला की दुसरंही एक नुकसान होतं. विल्यम मिलर हे मानसशास्त्रज्ञ दारूच्या व्यसनात अडकलेल्या लोकांबरोबर काम करत होते. १९८३ मध्ये त्यांनी एका लेखात आपली पद्धत मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्याबरोबर ती वाढवली. त्यातलं एक निरीक्षण आपल्या कामाला तंतोतंत लागू पडतं. दुसऱ्याचं चुकतंय असं दिसलं की ते दुरुस्त करायला आपला हात आपोआप पुढे जातो. समोरचा माणूस मात्र दोन मनांत असतो. तुम्ही एका बाजूनं बोलायला लागलात की तो दुसऱ्या बाजूची वकिली करतो, आणि स्वतःच्याच तोंडून ती वकिली ऐकून त्याला ती जास्त पटायला लागते. तुम्ही ‘सोड’ म्हणालात की तो राहण्याची कारणं सांगणार. तुम्ही जितक्या जोरात ढकलाल तितका तो मागे रुतणार, आणि घरी जाताना म्हणणार, ‘त्यांना माझी परिस्थिती कळलीच नाही.’

याच पद्धतीतला एक प्रश्न मी जवळजवळ रोज वापरते. ‘० ते १० मध्ये सांगा, हा बदल तुम्हाला किती महत्त्वाचा वाटतो?’ समजा उत्तर आलं, ४. आपल्या जिभेवर लगेच येतं, ‘मग ७ का नाही?’ तसं विचारलंत की तो न बदलण्याची कारणं मोजायला लागेल. उलटं विचारा: ‘४ का? २ का नाही?’ आता तो बदल का हवा आहे ते स्वतः सांगतो. तुम्ही कोणतीच बाजू घेतलेली नसते, आणि त्यानं पहिल्यांदाच आपलं कारण आपल्या कानांनी ऐकलेलं असतं. हा प्रश्न विचारल्यावर गप्प बसा. नवीन लोकांना हे गप्प बसणंच सगळ्यात जड जातं. दहा सेकंद फार मोठी वाटतात. थांबा तरीही.

आता याच्या अगदी उलट एक गोष्ट. नुसते प्रश्नच विचारणारे मार्गदर्शक मी बरेच पाहिले आहेत आणि त्यांचा मला राग येतो. तहानलेल्या माणसाला ‘तुला पाणी का हवंसं वाटतं?’ असं विचारणं ही नम्रता नव्हे. समोरच्याला माहिती हवी असेल तर ती लगेच, सरळ द्या. या क्षेत्रात पहिल्या पाच वर्षांत खरोखर काय काम असतं, राजीनाम्याचं पत्र कसं लिहावं, पगाराचा विषय कधी काढावा, करारातलं कोणतं कलम वकिलाला दाखवायला हवं. तुमच्या १८ वर्षांचं मोल इथे आहे. एखादा माणूस परत न फिरवता येणारं पाऊल टाकायला निघाला असेल, मोठं कर्ज काढून, किंवा हातात दुसरं काहीही नसताना रागाच्या भरात राजीनामा देऊन, तर मी स्पष्ट सांगते: ‘मला हे धोक्याचं वाटतं, आणि माझी कारणं ही आहेत.’ एकदाच सांगते, कारणांसकट. दुसऱ्यांदा सांगत नाही. निर्णय नंतरही त्याचाच असतो, पण मला दिसलेला खड्डा मी त्याला दाखवला नाही असं व्हायला नको.

करिअरच्या मार्गदर्शनाची पद्धतशीर सुरुवात बहुतेकदा फ्रँक पार्सन्स यांच्यापासून मानली जाते. त्यांनी १९०८ मध्ये बोस्टनला यासाठी एक केंद्र काढलं. त्यांची मांडणी अशी होती: स्वतःला ओळखा, कामं ओळखा, आणि दोहोंचा मेळ नीट विचार करून घाला. शंभरहून जास्त वर्षं झाली तरी आपण सगळे अजून याच वाटेनं विचार करतो, आणि ती वाईट नाही. अडचण पहिल्याच पायरीवर येते. माणूस बसून विचार करून स्वतःला फारसा ओळखत नाही, काहीतरी करून बघताना ओळखतो. जॉन क्रंबोल्ट्झ या मानसशास्त्रज्ञांनी सहकाऱ्यांबरोबर १९९९ मध्ये योगायोगांची तयारी ठेवण्याबद्दल लिहिलं. ठरवून न घडलेल्या गोष्टीच बहुतेकांची वाट घडवतात, तर मग अशा गोष्टी घडतील आणि घडल्या की हाती धरता येतील असं वागावं, हे त्यांचं म्हणणं. ते स्वतः मानसशास्त्राकडे वळले ते टेनिसच्या प्रशिक्षकामुळे. हे प्रशिक्षक मानसशास्त्रही शिकवत असत.

म्हणून ‘हे की ते’ असा प्रश्न आला की मी तो लहान करायच्या मागे लागते. हिशेबनीसाचं काम करणारे एक गृहस्थ आले होते, वय ३८. नोकरी सोडून शिक्षक व्हायचं होतं, आणि दोन वर्षं ते याच विचारात होते. मी म्हटलं, निर्णय आठ आठवडे पुढे ढकलू, आणि तोवर आठवड्यातून दोन संध्याकाळी कुठेतरी शिकवून बघा. सहाव्या आठवड्याला ते आले ते चेहरा खुलवूनच. शिकवणं आवडत होतंच, उत्तरपत्रिका तपासायचंही आवडत होतं, आणि त्याचं त्यांना स्वतःलाच नवल वाटत होतं. मग मी त्यांना एक कागद दिला आणि एक रीत वापरली. गॅरी क्लाइन या मानसशास्त्रज्ञांनी २००७ मध्ये एका लेखात ती मांडली. ती मुळात प्रकल्पांसाठी आहे, माणसांनाही चालते. मी म्हटलं, ‘समजा दोन वर्षं उलटली आहेत. तुम्ही शिक्षक झालात आणि ते पूर्णपणे फसलं. फसेल का, हा प्रश्न नाही. फसलेलंच आहे. काय झालं ते लिहा.’ मला वाटलं होतं पगाराचे आकडे येतील, मुलांना सांभाळण्याचा त्रास येईल. त्यांनी एक वाक्य लिहून पेन खाली ठेवलं: ‘मी बायकोला विचारलं नव्हतं, फक्त सांगितलं होतं.’

त्यांना माझी गरज तिथे संपली. ते घरी गेले आणि बोलले. पुढे ते शिक्षक झाले, पण ठरल्यापेक्षा दीड वर्षं उशिरा, कारण ती दीड वर्षं पत्नीच्या शिक्षणाची होती.

‘आयुष्यभराचा प्रश्न आहे’ हे वाक्य तुम्ही सतत ऐकाल. त्यावर मला एक अभ्यास आठवतो. जॉर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमोथी विल्सन यांनी २०१३ मध्ये १९,००० हून अधिक लोकांची पाहणी प्रसिद्ध केली, वयं १८ ते ६८. सगळ्या वयांतली माणसं सांगत होती की गेल्या दहा वर्षांत आपण बरेच बदललो, आणि पुढच्या दहा वर्षांत मात्र फारसे बदलणार नाही. म्हणजे प्रत्येकाला आपण आता पूर्ण झालो असं वाटतं. मी समोरच्याला विचारते, दहा वर्षांपूर्वी तुम्हाला कशाशिवाय जगणं अशक्य वाटत होतं? उत्तर ऐकून बहुतेक जण स्वतःच हसतात, आणि आज घ्यायच्या निर्णयाचं ओझं थोडं हलकं होतं. दार पुन्हा उघडता येईल असं पाऊल निवडायला ते तयार होतात.

लग्न, मूल, फारकत, आजारी आईवडिलांसाठी परत जाणं, असे प्रश्न आले की मी आणखी सावध होते. इथे एक माणूस नेहमी खोलीबाहेर असतो आणि त्याची बाजू मी ऐकलेली नसते. गैरहजर माणसाबद्दल मी निकाल देत नाही, कितीही चीड आली तरी. ‘तुमचा नवरा असाच आहे’ असं वाक्य एकदा तोंडून गेलं की ते त्या घरात वर्षानुवर्षं राहतं. माझ्या नावासकट.

याला अपवाद आहे आणि तो पक्का आहे. मारहाण, धमक्या, जिवाला धोका असेल तर तिथे दोन बाजू ऐकत बसायचं नसतं. आधी सुरक्षित जागा आणि योग्य मदत. आणि बोलण्यात ‘आता काही अर्थ नाही’, ‘मी नसलो तर बरं होईल’ असं काही आलं तर सरळ विचारा: ‘जीव द्यायचे विचार येतात का?’ विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरत नाही. उलट इतके दिवस एकट्यानं वाहिलेली गोष्ट कुणीतरी नावानिशी विचारली याचा सुटकेचा श्वास मी ऐकला आहे. मग त्या माणसाला एकटं सोडू नका, डॉक्टरपर्यंत सोबत जा. आपण मार्गदर्शक आहोत, उपचार करणारे नाही, आणि ही सीमा जितकी लवकर ओळखाल तितकं त्याच्या भल्याचं.

तुमच्या बाबतीत आणखी एक गाठ आहे. तुमच्याकडे येणाऱ्यांत तुमच्या हाताखालचे लोक आहेत. नोकरी सोडू का, असं ते त्यालाच विचारत असतात, ज्याचं काम त्यांच्या जाण्यानं अडणार आहे. तुम्ही कितीही भले असलात तरी तिथे तुम्ही तटस्थ नाही. हे पहिल्या पाच मिनिटांत उघड बोला: ‘तू गेलास तर माझी अडचण होईल, त्यामुळे माझं म्हणणं त्या हिशेबानं ऐक. आणि याच विषयावर बाहेरच्या अमक्याशीही बोल.’ बाहेरच्या दोन-तीन भरवशाच्या लोकांची नावं तयार ठेवा. आणि ते जे बोलले ते तुमच्या खोलीबाहेर जाता कामा नये. पदोन्नतीच्या बैठकीत तर नाहीच. एकदा गेलं की तुमच्याकडे पुन्हा कुणी खरं बोलायला येणार नाही, आणि ते योग्यच असेल.

निर्णय झाल्यावरचा काळ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग आहे. आपल्याला वाटतं, ठरलं, झालं. नवीन नोकरीचा पहिला महिना, नवीन घरातले पहिले काही आठवडे, वेगळं राहायला लागल्यावरची पहिली सुटी, खरी गरज तेव्हा असते. मी निर्णयाच्या दिवशीच डायरीत दोन तारखा लिहिते, एक तीन आठवड्यांनंतरची आणि एक सहा महिन्यांनंतरची, आणि त्या दिवशी मी फोन करते. ‘काही लागलं तर सांगा’ म्हणून सोडून दिलं तर माणूस सांगत नाही. त्यातही ज्यानं तुमच्या मताविरुद्ध निर्णय घेतला आणि तो फसला, तो तर लाजेनं तुमच्या रस्त्यालाही येत नाही. म्हणून निरोप देतानाच म्हणा: ‘माझ्या मताविरुद्ध जातोयस हे मला मान्य आहे. बिनसलं तर पहिला फोन मला कर.’

आणि एक दिवस ते यायचे थांबतात. कॅथी क्रॅम या संशोधिकेनं १९८० च्या दशकात मार्गदर्शक आणि त्याच्याकडे येणारा यांच्या नात्याचा बारकाईनं अभ्यास केला. नातं जुळतं, वाढतं, मग दुरावतं आणि नंतर नव्या रूपात, बरोबरीच्या माणसांसारखं, पुन्हा उभं राहतं, असे चार टप्पे त्यांनी दाखवले. तिसरा टप्पा आपल्या मनाला लागतो. मलाही लागतो, अजून. तो नात्याचाच भाग आहे हे माहीत असलं की निदान आपण त्यांना धरून ठेवत नाही.

आता तुमच्या त्या दुसऱ्याबद्दल. त्याच्याशी बोलणं राहिलेलं नाही असं तुम्ही लिहिलं आहे. मला वाटतं त्याला तुमचा राग आला असेल त्यापेक्षा, तुम्हाला तोंड दाखवायची लाज वाटत असण्याची शक्यता जास्त आहे. खरं काय ते विचारल्याशिवाय कळणार नाही. माझ्या त्या पीएचडीवाल्या मुलाला मी स्वतःहून कधी फोन केला नव्हता. तो योगायोगानं भेटला म्हणून मला कळलं, नाहीतर मी अजून तोच सल्ला देत फिरले असते. तुम्ही योगायोगाची वाट बघू नका. या आठवड्यात फोन करा. मी असं का म्हणालो होतो, हे सांगत बसू नका. माफीही लांबवू नका, एका वाक्यात मागा. ‘तुझं सगळं ऐकून घ्यायच्या आधीच मी बोललो, ते चुकलं’ एवढं पुरे. मग विचारा, ‘कसा आहेस? सध्या काय चाललंय?’ आणि तो बोलायला लागला की मध्ये बोलू नका.